गाठ जित्याची

पत्र्याची पाटी गळ्यात घातली तवा तिची तार मानंला रुतली. पाटीवर चुन्यानं सतरा आकडा लिहिलेला. ही पाटी माणसाची न्हाई. कपाशीच्या वाफ्याची. वाफ्याच्या तोंडाला खुंटी ठोकायची आन तिला ही लटकवायची, म्हंजे कोणत्या वाफ्यात कोणतं बी हाय ते कळतं. डॉक्टर साहेबानं ती गोदामाच्या ओसरीवरच्या ढिगातून उचलली, माझ्या गळ्यात घातली आन पाव्हण्यांकडं तोंड करून मनला, "सुनिये साहब, सतरा नंबर बोल रहा है."

पाव्हणे हसले. रानावरचा कारकून, मुन्शी, सगळ्यात मोठ्यानं हसला. त्याचं कामच होतं ते. मग डॉक्टर माझ्याकडं वळला. आता मराठीत.

"बोल रे सतरा नंबरा. तुझ्यात किती मेले?"

मी हात खाली सोडून उभा राहिलो. पाव्हण्यांतल्या एकाजवळ फोटोची पेटी होती. त्यानं मला खाली बसवलं. साहेब लोक खुर्च्यांवर, मी त्यांच्या बुटांपाशी, पाटी पोटावर. "हिलना मत," मनला. हललो न्हाई.

माझी बायको गिरजा पाच हातांवर सरकी काढायच्या रेच्यापाशी बसली होती. तिचा हात थांबला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती. डॉक्टरच्या हाताकडं बघायली होती. त्या हातात तिची सुतळी होती.

हे कसं झालं ते सांगतो. मी शिकलेला न्हाई. राज्य बदलल्यावर म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी शाळा निघाली, तितं चार अक्षरं गिरवली, तेवढ्यावर लिहायलोय. चुकलं तर चुकलं. खोटं लिहिणार न्हाई.

निजामाचं राज्य होतं. वालूरच्या वाटेवर सरकारनं एक रान घेतलं होतं. साहेब त्याला फार्म मनायचे, लोक तजुर्ब्याचं रान. तितं बी पेरून बघायचे, कोणतं तगतं, कोणतं मरतं. आमी दोघं तितं मजूर. आमची वस्ती गावाबाहेरची. आमाला विहिरीवर पाणी दुसऱ्यानं वाढायचं, पण चिखलात उतरायला आमीच लागायचो. चिखलाला इटाळ न्हाई.

एका साली आखाडाच्या आधी मुन्शीनं सांगितलं, डॉक्टर येणार हाय. वस्तीवरची एक बुढी खोकल्यानं हैराण होती, ती पहाटंच फाटकापाशी येऊन बसली. डॉक्टर आला. टोपी, बूट, हातात छडी. आमच्याच भागातल्या एका जमीनदाराचा पोरगा, विलायतेहून आलेला. बुढीनं छाती पुढं केली.

मुन्शी मनला, "आजी, हा दवा देणारा डॉक्टर न्हाई. झाडांचा हाय."

बुढी मनली, "मंग झाडाला खोकला झालाय व्हय रं?"

आमी हसलो. डॉक्टर हसला न्हाई. तो आमच्याकडं बघून कधीच हसला न्हाई. हसला तो त्या एका दिवशी, पाटी घातली तवा.

मी मुन्शीला इचारलं, एवढी मोठी डिग्री घेतली, विलायत झाली, मग हा हितं काय करायलाय? मुन्शी पान लावत बसला होता. त्याला समजून सांगायची हौस होती. मनला, लांबच्या शहरात युनिव्हर्सिटी हाय. मोठी डिग्री झाल्यावर ती हुशार लोकांना अजून दोन सालं देती, नवा शोध लावायला. सगळ्या इल्मांत. एकाला झाडं दिली, एकाला दगड, एकाला पाणी, एकाला आभाळातल्या चांदण्या. दोन सालांत जो काही दाखवील तो कायम. न्हाई दाखवील तो घरी.

मी मनलं, "चांदण्यावाल्याला मजूर किती लागतेत?"

"गप रे," मुन्शी मनला. "तेरे को क्या समझेगा."

मला समजलं होतं. आन तवाच माझ्या मनात काटा गेला. ज्याला दोन सालांत काहीतरी दाखवायचंच हाय, तो जे हाय ते बघंल का जे पायजे ते बघंल? मी ही गोष्ट गिरजाला सांगितली. ती मनली, "तुमाला सगळ्यांचाच वास येतो." येतो. अजून येतो. त्या वासावरच मी जगलो.

त्या साली आमच्या भागात कपाशीला मर लागली होती. झाड आज हिरवं, उद्या मान टाकून उभं. उपटून खोड चिरलं की आतून काळं. डॉक्टरला त्याच्यावरच शोध लावायचा होता. मर लागलेल्या रानातच त्यानं वाफे पाडले. वाफ्याला दोनशे झाडं, वाफ्यागणिक निराळं बी. तीन नंबरच्या वाफ्यात त्यानं स्वतः परदेशातून आणलेलं बी. बाकी ठिकठिकाणचं. एक वाफा रिकामा राहिला, सतरा नंबरचा. मुन्शी मनला, काहीतरी टाका, आकडा भरला पायजे.

गिरजा मनली, "माझ्यापाशी हाय."

तिचं माहेर चारठाण्याच्या अंगाला. तिच्या बापाचा पांदीकडंला एक तुकडा होता, दगडगोट्यांचा. त्या तुकड्यातली गावरान सरकी ती येताना घेऊन आली होती. गाडग्यात राख घालून ठेवलेली. तिनं ती होती तेवढी सगळी शेणामातीत चोळली, सावलीत सुकवली आन सतरात टोकली. मुन्शीनं वहीत लिहिलं, देशी. कोणाचं, कुठलं, काय न्हाई. नुसतं देशी.

डॉक्टर पेरणीला आला आन गेला. मुन्शीनं दर पंधरवड्याला वाफ्यात फिरून मोजणी करावी, असा हुकूम होता. काळ्या रानातला पावसाळ्यातला चिखल तुमाला ठाऊक हाय का? जोडा मागं राहतो, पाय पुढं जातो. मुन्शी लिंबाखाली बसला. "तुमी मोजा, मी लिहितो," मनला. आमाला ईसाच्या पुढं आकडा येत न्हाई. मग गिरजानं सुतळी घेतली. वाफ्यागणिक एक सुतळी, दर मोजणीला नवी. झाडापाशी जायचं. जितं असलं तर गाठ मारायची. मेलं असलं तर बोटभर कोरी सोडून पुढं जायचं.

हितं थांबा आन नीट वाचा. गाठ जित्याची.

आमच्यात मेलेल्याची गाठ मारत न्हाईत. कोणाच्यातच मारत न्हाईत. लग्नात गाठ मारतेत. नवसाला गाठ मारतेत. पोरगं झालं की त्याच्या कमरंला करदोटा बांधतेत आन माणूस मेलं की तोच करदोटा तोडून टाकतेत. गाठ म्हंजे हाय. तुटलं म्हंजे गेलं. हे बाईला कोणी शिकवावं लागत न्हाई. डॉक्टरला हे त्याच्या आईनंबी सांगितलं असतं. त्याच्या घरीबी करदोटा तोडतच असतील, जमीनदार झाला म्हणून काय करदोट्यासगट जाळतेत?

दिवाळीनंतरची शेवटची मोजणी झाली. गिरजानं सगळ्या सुतळ्या गोदामात खुंट्यांना वाफ्याच्या ओळीनं लावल्या, पाट्या ओसरीवर ढिगात टाकल्या. सतराची सुतळी गाठींनी अशी भरली होती की हातात धरली तर जोंधळ्याच्या कणसासारखी लागायची. तीनची सुतळी गुळगुळीत. कुठंतरी एखादी गाठ. विलायती बी सगळं मान टाकून गेलं होतं.

मुन्शीनं आमाला इचारलं न्हाई. डॉक्टरनं मुन्शीला इचारलं असंल तर मुन्शीनं ठोकून दिलं असंल. मर मोजायला सांगितली होती, म्हंजे गाठ मेल्याचीच असणार. त्यांनी तसंच कागदावर उतरवलं. तीन नंबर, सगळ्यात कमी मेले. सतरा नंबर, सगळ्यात जास्त मेले. डॉक्टरला पायजे होतं तेच निघालं. मग कोण कशाला परत इचारतो?

शिमग्यानंतर युनिव्हर्सिटीचे मोठे साहेब बघायला आले. रान तवा मोकळं झालं होतं, पऱ्हाट्या उपटल्या होत्या. दाखवायला कागद होता, सुतळ्या होत्या आन वाफ्यावाफ्याच्या सरकीच्या थैल्या होत्या. ओसरीवर रांगंनं मांडलेल्या. डॉक्टर उर्दूत वाचायला लागला. फार्मवर राहून मला उर्दू कळायची. "तीन नंबर, आला." आला म्हंजे एकदम चांगलं. "सतरा नंबर, दोन सौ में से एक सौ अस्सी खतम." मग मुन्शीला मनला, सतराची सरकी बैलांपुढं टाक, हे बी पुन्हा कुठं पेरायचं न्हाई.

गिरजाचा रेचा थांबला.

मी पुढं झालो. आजवर साहेबासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. मनलं, "साहेब, गाठ जित्याची हाय."

"काय?"

"गाठ जित्या झाडाची हाय, साहेब. मेल्याची न्हाई. थैली बघा. मेलेल्या झाडाला एवढी सरकी लागती व्हय?"

सगळ्यांनी थैल्यांकडं बघितलं. सतराची थैली गाभणी म्हशीसारखी फुगलेली. तीनची थैली उभीबी राहत नव्हती, भिताडाला टेकवली होती. डॉक्टरनंबी बघितलं. मी त्याचं तोंड बघितलं. त्याला कळलं. त्याच क्षणाला कळलं. लोक मनतेत शिकलेला माणूस न कळल्यामुळं चुकतो. मी डोळ्यानं बघितलंय. कळलं आन मगच त्यानं पाटी उचलली.

मोठा साहेब इचारत होता, "क्या बोल रहा है ये?"

"कुछ नहीं," डॉक्टर मनला. आन मग ते, सतरा नंबर बोल रहा है.

चहा झाला, फोटो झाला, मोटारी गेल्या. तवर पाटी गळ्यात. काढ, असं कोणी मनलं न्हाई. आन माझी लाज तुमाला सांगतो. मीबी काढली न्हाई. कोणी सांगंल म्हणून वाट बघत बसलो. गिरजानं येऊन काढली. तार मानंतून सोडवताना तिनं तोंड खाली घातलं होतं. मला वाटलं रडती का काय. बघितलं तर दात आवळलेले.

त्या दिवसापासून फार्मवर माझं नाव सतरा पडलं. "ए सतरा, पाणी सोड." "सतरा, बैल आण." आठ दिवस मी ओ दिली.

नवव्या दिवशी मुन्शीनं आमा दोघांना गोदामाच्या ओसरीवर बोलावलं. बसा मनला. आमाला कोणी बसा मनत नव्हतं. मग चहा आला. कपबशीत. आमची नारळाची करवंटी कुडाला खोचलेली असायची, तिच्यात वरून ओतायचे. त्या दिवशी कपबशी. ज्यानं कधी पाणी पाजलं न्हाई तो चहा पाजायलाय, म्हंजे काहीतरी जायलाय आपलं.

मुन्शीनं कागद काढला. उर्दूत. "अंगठा लाव. कुछ नहीं, बस हाजरी है."

"दोघांचा?"

"दोघांचा."

"हाजरीला गिरजाचा अंगठा आजवर कधी लागला न्हाई. आज काऊन?"

मुन्शी चिडला. मग नरमला. मग खरं बोलला, कारण त्याला वाटलं खरं बोलल्यानं आमी घाबरू. कागद शहराला गेला होता. आता मोठ्या साहेबांतला एक जण थैल्यांबद्दल इचारायला लागला होता. डॉक्टरची कायमची जागा अडली होती. आमी दोघांनी लिहून द्यायचं, की गाठी मेल्याच्या होत्या, आमी आमच्या हातानं मारल्या आन थैल्यांची सरकी आमीच मिसळून टाकली. "तुमाला काय होतंय? फासी थोडीच हाय," मनला. "साहेब का काम हो जायेगा. तुमाला बारमाही काम."

शाईची डबी पुढं सरकवली. मी अंगठा बुडवला.

होय. बुडवला. बारमाही काम मनल्यावर बुडवला. घरात दोन पोरं होती.

गिरजा कपबशीला शिवली नव्हती. ती मनली, "अवो."

मी बघितलं.

"अंगठा तुमचा हाय. गाठ माझी हाय."

एवढंच. आवाजबी चढवला न्हाई. ती चार महिने चिखलात फिरली. पोटात तिसरं होतं तवा फिरली, ते राहिलं न्हाई, तरी चौथ्या दिवशी सुतळी घेऊन फिरली. एकेका झाडापाशी वाकून बघायची, जितं हाय का. आन मी त्या सगळ्या जित्यांना एका अंगठ्यानं मारायला निघालो होतो. पाटी गळ्यात दुसऱ्यानं घातली होती. हा अंगठा मी माझ्या हातानं लावायला निघालो होतो.

पाट्यांचा ढीग तितंच होता. मी सतराची पाटी काढली. शाईचा अंगठा त्या पाटीवर दाबला, आकड्याच्या वर. आन मुन्शीला मनलं, "हा माझा अंगठा. साहेबाला दाखव. मनावं, सतरानं दिलाय, पण कागदावर देणार न्हाई."

"कामावरून जाशील."

"जातो."

"साले, भूखे मरोगे."

"मेलो तर आमची गाठ मारू नगा," गिरजा मनली.

पाटी मी घेतली. सुतळी तिनं खुंटीवरून काढून कंबरंला गुंडाळली. मुन्शी आमच्या आधी फाटकापाशी गेला. बैलांपुढं टाकलेल्या सतराच्या सरकीची गव्हाण फाटकाच्या वाटंवरच होती आन गिरजा तिच्यापाशी पायातला काटा काढायला वाकली होती, ते त्यानं बघितलं. सगळ्या मजुरांसमोर मनला, "ओटी झाड."

तिनं झाडली. मातीशिवाय काही पडलं न्हाई.

"पदर."

झाडला.

"लुगड्याचा कासोटा..."

मी मुन्शीचा हात धरला. धरला म्हंजे पिळला. तो ओरडला, पण पुढं बोलला न्हाई. चाळीस मजूर बघायले होते. कोणी हसलं न्हाई. आमी फाटकाबाहेर आलो.

वस्तीवर आल्यावर तिनं केस सोडले. सरकीला लव असती. केसांत अडकली की फणीशिवाय निघत न्हाई. बुचड्यातून तिनं एकेक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. अकरा.

पुढचं काय सांगावं. दोन सालं आमी मिळंल ते काम केलं, चुडाव्याच्या ठेसनावर खडी फोडली. अकरा दाण्यांची कपाशी परसात वाढवली. एक मेली. दहा राहिल्या. त्याच ठेसनावर मुन्शी भेटला, गाडीची वाट बघत होता. मनला, डॉक्टर साहेब कायम झाले. आमच्या अंगठ्यावाचूनबी झाले. गावोगाव दवंडी गेली होती, देशी बी पेरू नका, मर लागती. आन लोक विलायती बी पेरून मर बघायले होते. राज्य गेलं. झेंडा बदलला, फाटकावरची पाटी बदलली. मुन्शी तोच राहिला.

गिरजा औंदा पौषात गेली. पोरांनी सगळं रीतसर केलं. मला काही सुचत न्हाई. सकाळी दोन भाकरी थापल्याचा आवाज येत न्हाई, तेवढ्यानं जाग येती. ती होती तवर ही गोष्ट आमी कोणाला सांगितली न्हाई. ती मनायची, सांगून काय, बी तर हाय. बी हाय. गाडग्यात राखंत. दर साली पेरतो. पण आता वाटतं, सांगितलं न्हाई तर ती नुसती कोणाची तरी बायको म्हणून गेली असं होईल.

तेराव्यानंतर एक पोरगा मोटारसायकलवर आला. चांगला बोलायचा. आजोबा मनला, पाया पडला. वालूरच्या बाजारात इचारत इचारत आला होता. युनिव्हर्सिटीतला. मोठी डिग्री झाली, आता पुढचा शोध लावायचा हाय, मनला.

मी मनलं, "दोन सालं?"

तो चमकला. "हो, दोन वर्षांची फेलोशिप हाय. तुमाला कसं कळलं?"

त्यानं एक जुना छापील कागद काढला. त्यावर फोटो. साहेब लोक खुर्च्यांवर. बुटांपाशी मी. तवा माझ्या डोक्यावर केस होते. खाली सगळ्या साहेबांची नावं छापलेली. माझ्याखाली, स्थानिक मजूर, वाफा सतरा. रेच्यापाशी बसलेली गिरजा फोटोत आलीच न्हाई. कोपऱ्यात रेच्याचं चाक तेवढं दिसतं.

त्या कागदात गाठींच्या सुतळीचं लिहिलं होतं, त्याला ती सुतळी पायजे होती. बीबी पायजे होतं. त्यानं फॉर्म आणला होता, सहीसाठी. आता अंगठा न्हाई लागत, मनला, सही चालंल. जसं काय अंगठ्यातच खोट होती.

मी सुतळी आणली. त्याच्या हातात दिली. मनलं, "ही गाठ कशाची हाय सांग."

त्यानं सुतळीकडं बघितलं न्हाई. माझ्याकडंबी न्हाई. कागदाकडं बघितलं. "मेलेल्या झाडांची," मनला. "हितं दिलंय."

मी सुतळी परत घेतली.

त्याला वाईट वाटलं. पोरगं वाईट न्हाई. मनला, "मग कशाची आजोबा?" मी सांगितलं न्हाई. मनलं, मिरगाला ये. माझ्या परसात वाफा पाडून ठेवतो. शेणात हात घालून सरकी चोळ, तुझ्या हातानं टोक, पंधरवड्याला ये आन चिखलात उतरून एकेका झाडापाशी वाकून बघ. मग गाठ कशाची मारायची ते तुला कोणी सांगावं लागणार न्हाई. आन कागदावर पयलं नाव गिरजाचं. तुझं तिच्या खाली.

"एवढा वेळ न्हाई आजोबा. दोनच वर्षं हायेत."

"मग जाय."

फॉर्म ठेवून गेलाय. कोरा हाय, कोराच राहणार. मिरगाला येतो का बघू. मला तरी येईल असं वाटत न्हाई. माझ्यामागं नात हाय, तिलाबी सांगून ठेवलंय. कोणीबी येऊ दे, कितीबी शिकलेला येऊ दे, आधी इचारायचं, गाठ कशाची. ज्याला कागद बघून उत्तर द्यावं लागतं त्याला दाणा द्यायचा न्हाई.

पाटी भिताडाला लावली हाय. अंगठा पुसट झाला, हाय पण. सुतळी तिच्याखाली. गिरजा गेली त्या दिवशी मी सुतळीचं मोकळं टोक हातात धरून लय वेळ बसलो. तिच्या नावानं बोटभर कोरी सोडली. मग त्याच्या पुढं एक गाठ मारली.

माझी. मी जिता हाय. सही देणार न्हाई.